आठ घरांतली दाई

फ्लॉपीवरच्या चिकटपट्टीवर पेन्सिलीनं लिहिलेली आठच इंग्रजी अक्षरं-आकडे... तीन माणसाची, दोन वर्षाची, दोन महिन्याची, शेवटचं मसुद्याचं. अंगठा फिरून फिरून ती पुसट झाली होती, पण तिला वाचायची गरजच नव्हती. दाई, नव्याण्णव, मार्च, दुसरा मसुदा. वकिलांच्या या कचेरीत बावीस वर्षं टंकन केलेल्या बाईला एवढं पाठ असणारच.

समोर जुन्या संगणकाचा निळा पडदा आणि त्यापुढे घामाघूम धाकटे वकीलसाहेब. महिन्यापूर्वी यांनीच हौसेनं सगळ्या फायलींच्या प्रती काढून त्यांना लांबलचक नावं दिली होती — जबाब, अमक्या खटल्यातील तमक्या साक्षीदाराचा, अंतिम, सुधारित... ‘ताई, तुमची नावं म्हणजे, तार पाठवताय की काय?’ सगळी कचेरी हसली होती. तीही हसली, पण ते लागलं होतं, कारण लहानपणापासून हेच — हिच्या तोंडून शब्द काढायला चिमटा लागतो, असं थोरली बहीण चारचौघांत म्हणायची, आणि हळूहळू तिलाही वाटू लागलं होतं की आपल्यापाशी सांगण्यासारखं काही नसेलच...

आज नव्या यंत्रावर जुन्या फायली उघडेनात. अक्षरांच्या जागी नुसते चौकोन दिसत. त्या प्रती जुन्या यंत्रात घातल्या, तर त्याला फायलीच्या नावात आठ अक्षरांपुढे मोजता येत नाही — त्यानं प्रत्येक नावाचं शेपूट छाटून एकाखाली एक एकेचाळीस ‘जबाब’ उभे केले, पुढचा आकडा तेवढा वेगळा. बाहेर बाकावर अशील बसला होता. आपली आई कोण, हे त्याला तीन वाजता कोर्टात सिद्ध करायचं होतं, आणि ते सांगू शकणारी एकटी दाई आता हयात नव्हती; उरला होता तो फक्त तिचा जबाब.

“एकेक उघडून बघू या,” साहेब म्हणाले. “सापडेल संध्याकाळपर्यंत.”

“सरका जरा,” ती म्हणाली.

फ्लॉपी खटकन बसली. यंत्र कुरकुरलं, नेहमीसारखं. आठ कळा, एक एन्टर — आणि पडद्यावर दाई बोलू लागली: ‘नाळ मी माझ्या हातानं कापली...’

जिंकले! छातीत नुसता ढोल वाजत होता. कंजूष म्हणा, मुकी म्हणा — एवढ्याशा आठ घरांत मी एक अख्खी बाई जपून ठेवली होती, तिचा एक शब्द सांडू दिला नव्हता.

छापलेले कागद घेऊन साहेब अशिलासोबत धावले, दारातून वळून म्हणाले, “ताई, हे यंत्र उद्या भंगारात जाणार होतं, त्याचं... बोलू आपण.”

तिनं बहिणीला फोन लावला.

“बोल, पण थोडक्यात,” बहीण म्हणाली. “दूध ठेवलंय.”

“गॅस बंद कर आणि बैस,” ती म्हणाली. आणि इतकं सांगायचं होतं की सुरुवात कुठून करावी हेच तिला सुचेना.