तक्ता हवा

घरात तिला सगळे शंकी म्हणत आणि त्यात कुणाचीच काही चूक नव्हती. कुलूप लावून दोन जिने उतरली की ही बाई पुन्हा वर जाऊन ते ओढून बघणार. गॅस बंद केलाय का हे पाहायला एकदा ती बसच्या रांगेतून घरी परतली होती, आणि गॅस अर्थातच बंद होता. लग्नासाठी सांगून आलेल्या एका स्थळाला तिनं तीनदा विचारलं होतं, "नक्की ना?" तिसऱ्यांदा विचारल्यावर ते स्थळ जे गेलं ते गेलंच.

पण कामात ही खोड तिच्या उपयोगी पडली. दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या वातावरणात काय आहे, हे ती शोधायची. असा ग्रह सहसा कुठल्याही दुर्बिणीतून थेट दिसत नाही. तो ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडासा प्रकाश ग्रहाच्या हवेतून गाळला जाऊन इकडे येतो, आणि त्यात कुठला रंग किती कमी झाला यावरून तिथं काय आहे ते ओळखायचं. "म्हणजे खाली पडलेल्या पिठावरून चाळणी ओळखायची," असं आईनं एकदा शेजारणीला समजावलं होतं. शंकीला स्वतःला एवढं सोपं करून कधी सांगता आलं नव्हतं.

तिचं नाव झालं ते एका कोरड्या ग्रहामुळे. त्या ग्रहावर पाण्याची वाफ असणार असं सगळे धरून चालले होते. शंकीनं तीन वर्षं खपून दाखवून दिलं की तिथं वाफेचा मागमूस नाही. शोधनिबंध छापून आला, त्यावर चर्चा झडल्या, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका संस्थेनं चक्क पोस्टडॉकची, म्हणजे पीएच.डी.नंतरच्या संशोधनाची, एक जागा काढली. दोन वर्षं, विषय एकच: असे ग्रह कोरडे का राहतात? "ही जागा तुझंच माप घेऊन शिवलीय," असं तिचे सर म्हणाले होते.

तिची आत्ताची नेमणूक महिनाअखेरीस संपत होती. तिच्या विषयातल्या बाकीच्या जागा साता समुद्रापार होत्या. आईला मात्र उजव्या डोळ्यानं दिसेनासं झालं होतं आणि डाव्यात दिवसातून चार वेळा औषध घालावं लागे, त्यामुळे तिला एकटं सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. ही जागा मिळाली नाही तर ग्रहताऱ्यांना रामराम ठोकून मिळेल ती नोकरी धरायची, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. त्या विचारानं गेले पंधरा दिवस तिला अन्न गोड लागत नव्हतं.

मुलाखत दुपारी तीनला होती. सकाळी नऊ वाजता शंकी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली. समितीनं कळवलं होतं की कामाच्या सगळ्या फायली सोबत आणा आणि प्रत्येकीसमोर ती कशाची आहे ते एका ओळीत लिहा. ताऱ्यांचा प्रकाश तपासणारा मूळ प्रोग्रॅम, तिच्या आधी सरांकडे काम करणाऱ्या आणि सगळे ज्याला दादा म्हणत त्या सीनियरनं लिहिला होता. दादा आता एका विमा कंपनीत होता आणि सुखात होता. त्यानं फायलींना आपल्या मराठीत नावं दिली होती, परक्या कुणी उघडल्या तर त्याला कळू नयेत म्हणून.

पाण्याची वाफ प्रकाशातल्या नेमक्या कोणत्या लांबीच्या लहरी शोषते, त्याचे तीन तक्ते होते. तक्ता कच्चा, तक्ता मूळ आणि तक्ता हवा. शंकीनं पहिल्या दिवसापासून तिसरा वापरला होता. हवा तोच घ्यायचा, नको ते कशाला? तिनं त्याच्यासमोर लिहिलं, "वापरायचा तक्ता." मग मूळ तक्ता कशासाठी ठेवलाय ते सांगता येईना, म्हणून तिनं दादाला फोन लावला.

"मूळ म्हणजे निर्वातातला," दादा म्हणाला. "ताऱ्याचा प्रकाश पोकळीतून येतो ना, त्याला तोच लावायचा."

"आणि हवा?"

"हवा म्हणजे हवा गं."

"हो, पण हवा का?"

"का म्हणजे? आपण श्वास घेतो ती हवा. प्रयोगशाळेतला दिवा हवेत जळतो, हवेत लहरींची लांबी जराशी बदलते. त्या दिव्याशी ताडून बघायला केला होता मी. का गं, काय झालं?"

दादानं दोनदा "हॅलो" केलं.

"काही नाही," ती म्हणाली. "मला वाटलं, हाच हवा."

आधी दादा हसला. मग त्याच्याही लक्षात आलं आणि त्याचं हसू थांबलं.

फरक होता दहा हजारात तीनचा. ऐकायला किरकोळ, पण या कामात तेवढ्यानं गल्ली चुकते. पाण्याच्या खुणा जिथं असायच्या तिथं तिनं पाहिलंच नव्हतं. भलत्या दारावर टकटक करून घरात कुणी नाही असं तिनं जगाला छापून सांगितलं होतं. गॅस तीनदा तपासणाऱ्या बाईनं एका नावाचा अर्थ एकदाही तपासला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिनं तक्ता बदलला आणि प्रोग्रॅम चालू केला. त्याला चाळीस मिनिटं लागत. तेवढ्या वेळात तिनं आईच्या डोळ्यात औषध घातलं, धुतलेलीच भांडी पुन्हा धुतली आणि गॅस बंद असल्याची खात्री केली. परत येऊन पाहते तो पडद्यावरच्या सपाट रेघेच्या मधोमध, पाण्याच्या खुणा जुळल्या की येतो तो उंचवटा उभा होता. पाणी होतं, आणि चांगलं भरपूर होतं.

पहिल्यांदा क्षणभर तिला नुसता आनंद झाला. हे कबूल करायला पुढे तिला लाज वाटायची, पण झाला खरा. मग तिला तीनची मुलाखत आठवली.

तिनं सरांना फोन केला. सर अगदी समंजसपणे बोलले. "हे बघ, एका सकाळीत शोध लागत नसतो. आठ दिवस नीट पडताळून बघ. तोवर ही शंका आहे आणि शंका मुलाखतीत मांडत नसतात. कुणी विचारलंय का आपल्याला? झाकली मूठ सव्वा लाखाची."

बोलणं चुकीचं नव्हतं, म्हणून तर ते छळत होतं. ती गप्प बसली तर जागा तिची, आणि मग पगारी दोन वर्षं तिनं कोरड्या नसलेल्या ग्रहाच्या कोरडेपणाची कारणं शोधायची. बोलली तर तिची जागा जाणारच, शिवाय जागा ज्या पायावर उभी होती तो पायाही जाणार.

"सर काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"गप्प बस म्हणाले."

"आणि तुला काय वाटतं?"

"मला भीती वाटते, आई."

आईनं डाव्या डोळ्यानं तिच्याकडे निरखून पाहिलं. "भीती तर तुला कुलपाचीही वाटते. मी काही तुझ्या पायातली बेडी नाही हं. जे करशील ते माझ्या डोळ्यांवर ढकलू नकोस."

बसमध्ये चाळीस मिनिटं ती दोन्ही भाषणांची तयारी करत होती, एक पाणी असलेलं आणि एक नसलेलं. दोन्ही चांगली जमली, हीच पंचाईत होती.

संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर, बंद दाराबाहेर चार खुर्च्या होत्या. एकीवर एक उंच, जाड चष्म्याचा तरुण बसला होता. तिच्या मागून त्याचा नंबर होता. तिचा चेहरा ओळखून तो उठूनच उभा राहिला.

"तुमचा निबंध मी अकरा वेळा वाचलाय," तो म्हणाला. "माझा सगळा प्रस्ताव त्याच्यावरच उभा आहे. तुम्ही आलात म्हणजे जागा तुमचीच, ते मला माहितीये. पण म्हटलं, निदान बोलून तरी येऊ."

शंकी हसली. त्यानं आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. मग अर्धा तास तो आपला प्रस्ताव तिला सांगत राहिला: ग्रह ताऱ्याच्या जवळ सरकत गेला, पाणी उडून गेलं, त्याचं सुरेख गणित त्यानं मांडलं होतं. गणितात एकही चूक नव्हती. "दोन वर्षं लागली," तो म्हणाला. शंकी मान हलवत राहिली. आत काय बोलायचं याचाच घोर तिच्या डोक्यात एवढा होता की दुसरं काही शिरायला जागा नव्हती.

तिचा पुकारा झाला. टेबलापलीकडे समितीचे पाचजण होते, मधोमध अध्यक्षबाई. शंकीनं लॅपटॉप जोडला आणि बसमध्ये पाठ केलेली दोन्ही भाषणं विसरली.

"माझा निकाल चुकलाय," ती म्हणाली. "ग्रह कोरडा नाही. मला आज सकाळी कळलं."

तिनं उंचवटा दाखवला, तक्त्याची गोष्ट सांगितली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ही जागा कशासाठी निघाली ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"हो."

"मग आता जागा राहील असं वाटतं?"

"नाही वाटत."

त्यानंतर मात्र पाचही जण खुर्च्या ओढून तिच्या पडद्याभोवती जमले. प्रश्नांवर प्रश्न आले, तिनं उत्तरं दिली. शेवटी अध्यक्षबाई म्हणाल्या, "जागेचं काही सांगू शकत नाही. पण सांगितलंत ते बरं केलंत." शंकी उठली तेव्हा तिला हलकं वाटत होतं. खरं बोललो आणि जिवंत आहोत, असं काहीतरी.

ती बाहेर आली. चष्मेवाला उठून उभा होता, कागद छातीशी धरून.

"कोरडेपणावरच विचारतात का हो?" त्यानं हळूच विचारलं.

आत पाचजणांना सांगितलेलं एवढंसं वाक्य इथं एकट्याला सांगताना जड झालं.

"तिथं पाणी आहे," ती म्हणाली. "चूक माझी होती. आत सांगून आले."

"कधी कळलं तुम्हाला?"

"सकाळी."

त्यानं मान डोलावली, शिकवलेलं समजल्यासारखी. मग अगदी साध्या आवाजात म्हणाला, "मघाशी अर्धा तास आपण इथंच बसलो होतो."

दार उघडलं आणि त्याचं नाव पुकारलं गेलं. शंकी पुढे झाली, "यांना दहा मिनिटं द्या," असं दारातल्या कारकुनाला म्हणाली. कारकुनानं घड्याळ दाखवलं. चष्मेवाल्यानं कागद सारखे केले आणि तो आत गेला.

फोन वाजला. आई होती. "झालं का गं? सांगितलंस?"

"सांगितलं."

"शाब्बास. मला माहीत होतं, तू कुणाला फसवणारी नव्हेस. आता घरी ये."

"येते," ती म्हणाली आणि फोन ठेवला. घरी जायची बस दर वीस मिनिटांनी होती. तीन बस गेल्या तरी ती खुर्चीवरून उठली नाही. तो बाहेर येईल तेव्हा त्याला काय सांगायचं हे तिला अजून सुचलं नव्हतं, पण त्याच्याआधी निघून जायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.