डाव्या बाजूचा हिरवा ठिपका

शांतीने कुंचल्यातला पांढरा रंग चिंधीला पुसला आणि विमानाच्या पंखाखालून वाकून बाहेर आली.

"आबा, हिरवा डबा कुठं ठेवलाव?"

"तिथंच असंल." हैबतराव पंख्याचं एक पातं फडक्याने पुसत होते. सकाळपासून तेच पातं.

पेणच्या रामवाडीतल्या या शेडमध्ये एरवी गणपतीच्या मूर्ती असत. सहा वर्षांपूर्वी शांतीने शेडचा अर्धा भाग हैबतरावांच्या हार्वर्डसाठी मोकळा करून दिला होता. शिकाऊ वैमानिकांचं हे पिवळं विमान. वायुदलात असताना हैबतरावांनी त्याचं इंजिन दोनदा उतरवलं होतं. पुढे ते भंगारात निघालं. रोह्याच्या कान्हूने सांगाड्यावरचा क्रमांक जुन्या छायाचित्रांशी ताडून ते शोधून दिलं. कान्हू पदार्थविज्ञान शिकलेला. जुन्या लष्करी विमानांचा माग काढणाऱ्या, देशोदेशी विखुरलेल्या वेड्यांच्या गटात तो होता: कोणतं विमान कुठे आहे, मालक कोण, दुरुस्ती कुठवर आली. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो एक शब्द कळवत नसे. शांती त्याला तपासनीस म्हणायची.

यंदा गणपतींना जागा पुरेना. शांती काही बोलली नव्हती. हैबतरावांनीच विमान एका संग्रहालयाला द्यायचं कबूल केलं. आज लॉरी दारात उभी होती आणि संग्रहालयाचे साहेब कागद घेऊन आले होते. कान्हूही आला होता.

सगळं झालं होतं. राहिला होता डाव्या बाजूचा एक ठिपका. वायुदलाचं चिन्ह म्हणजे बाहेर केशरी, आत पांढरं, मधोमध हिरवं. उजव्या बाजूचं हिरवं शांतीने काल भरलं होतं. डावीकडचं हैबतराव म्हणाले, शेवटी कर.

"तेवढा ठिपका आम्ही तिकडे रंगवू," साहेब म्हणाले. "आबा, इथे सही करा."

हैबतरावांनी खिसे चाचपले. "चष्मा कुठं गेला? शांते, पिशवीत बघ गो."

शांतीने खुंटीवरची पिशवी उघडली. तिचा हात आत थांबला. शेजारी उभ्या कान्हूला पंचाच्या घडीतून डोकावणारं हिरवं झाकण दिसलं. शांतीने पंचा सारखा केला आणि पिशवी मिटली.

"चष्मा हितं नाय," ती म्हणाली. मग साहेबांकडे वळली. "आज ह्ये जायाचं नाय, साहेब."

"का?"

शांतीने डावीकडच्या पांढऱ्या वर्तुळाकडे बोट केलं. "डोळा आखायचा राहिलाय. आमच्याकडं डोळ्याची आखणी झाल्याबिगर काय पण दाराभाईर जात नाय."

"अहो, हे विमान आहे. गणपती नाही."

"शेड गणपतीची हाय."

साहेबांनी मदतीसाठी कान्हूकडे पाहिलं. कान्हू छताकडे पाहू लागला. बाहेर लॉरीचा चालक हसला. "साहेब, पेणची माणसं ह्यात ऐकायची नायत. धरमतरचं एक भाडं हाय, ते मारून उद्या सकाळी येतो."

साहेब कागद दुमडून आपल्या गाडीकडे गेले. लॉरी वळून हायवेला लागली.

"चष्मा कपाळावर हाय तुमच्या," शांती म्हणाली.

हैबतरावांनी तो खाली ओढला.

तिने पिशवी त्यांच्यापुढे ठेवली. "आणि झाकण नीट लावा. पंच्याला रंग लागलाय."

पात्यावरचं फडकं थांबलं. हैबतरावांनी पंचा उलगडून डब्याचं झाकण घट्ट दाबलं.

"उद्या आखशील?"

"मी नाय. तुमी आखायचा. मी मनगट धरीन."

"माझा हात हलतो गो."

"म्हणून तर धरीन म्हणते."

ती आतल्या बाजूला चहा ठेवायला गेली. हैबतराव पुढच्या पात्याकडे सरकले.

कान्हूचा फोन वाजला. गटातल्या कोणीतरी विचारलं होतं: पेणचं हार्वर्ड निघालं ना? काम पूर्ण, मालक संग्रहालय, असं करून टाकू?

कान्हू विमानाला वळसा घालून डाव्या बाजूला गेला. केशरी कड्यातलं पांढरं वर्तुळ त्याने जवळून पाहिलं, मग एक पाऊल मागे येऊन पुन्हा पाहिलं. तिथेच उभं राहून त्याने उत्तर लिहिलं.

"दुरुस्ती चालू आहे. मालक हैबतराव. ठिकाण पेण."

शब्दन् शब्द त्याने एकदा तपासला. सगळं खरं होतं.