शून्याची हिरवी ओळ

"गेल्या सोमवारी सात, आज नऊ! सिस्टर, कावीळ तुम्ही पाळलीय की काय?"

"मग या की मोजायला! पिवळे डोळे मी काय रंगवून बसवते?" पाण्याच्या टाकीपलीकडच्या दवाखान्यातल्या सिस्टरने फणकारून फोन ठेवला.

त्याने नऊ भरले. पडद्यावर ओळ लाल झाली. तालुक्याच्या आरोग्य ऑफिसात त्याला चाळणी म्हणत. संशयाने चाळल्याशिवाय त्याच्या हातून आकडा पुढे सरकत नसे. देशभरातले साथीचे आजार एका जागी दिसावेत म्हणून नवी यंत्रणा आली होती. दर सोमवारी बाराच्या आत बावीस दवाखाने त्याला आकडे कळवत. शून्याला हिरवी ओळ, वाढीला लाल. ही सिस्टर औषधं जास्त मिळावीत म्हणून आकडे फुगवते, अशी त्याची पक्की खात्री. तिला पकडायलाच त्याने तिचं रजिस्टर मागवलं.

रजिस्टर आलं. पत्त्यांवरून फिरणारं बोट मध्येच अडलं. नवांपैकी सहा जण टाकीच्या अलीकडच्या गल्लीतले. तिथला दवाखाना त्याच्या बायकोकडे. दहा आठवडे शून्य, दहा आठवडे हिरवा. तेवढा एक आकडा त्याने कधी चाळला नव्हता.

"तुझे पेशंट पलीकडे कसे गं जातात?" घरी त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

बायको भाजी निवडत होती. "मीच पाठवते."

"काय?"

"मागच्या वर्षी पाच लिहिले, तर चौकशीला तिघे आले. टाकीत डोकावलं का कुणी? मलाच विचारत बसले, तुमच्याकडेच बरे सापडतात! आणि तुम्हीही जेवताना तेच विचारलंत."

"अगं, पण पाणी एकाच टाकीचं. तुझं शून्य दिसतंय तोवर ती कोण उघडणार?"

"कळतं मला. पण खरं लिहिलं तर माझ्या बाजूने कोण उभं राहणार? तुम्ही?"



पुढच्या सोमवारी बाराला दोन मिनिटं कमी असताना फोन वाजला.

"अकरा," बायको म्हणाली. "चाळा आता."

त्याने काही न विचारता अकरा भरले. ओळ लाल झाली. पाचच मिनिटांत वरच्या साहेबांचा फोन.

"दहा आठवडे शून्य आणि एकदम अकरा? काहीतरी घोळ आहे. कोण ही बाई?"

"माझी बायको, साहेब. अकरा खरे आहेत. टाकी तपासायला आजच माणसं पाठवा."

"आणि ती शून्यं?"

"त्यांचं लेखी देतो."

त्याने फोन ठेवला. मग दहा हिरव्या ओळींपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात एकेक करून लिहिलं, 'न तपासता भरले', आणि दहाही वेळा खाली आपलं नाव घातलं.