मोठीआईच्या डोक्यातला लाल गोल

सून उलट बोलेनाशी झाली, हीच मोठीआईची तक्रार होती. मोठीआईने मुद्दाम भाजीत मीठ जास्त टाकून पाहिलं, तरी सून मुकाट्याने जेवली. खिडकी लाव म्हटलं की लावली, उघड म्हटलं की उघडली. वर "आई, तुम्ही बसा, मी करते," हेही होतंच. एरवी शेराला सव्वाशेर असणारी ही पोरगी लोण्यासारखी मऊ झाली, म्हणजे कुठेतरी पाणी मुरत होतं.

"तुझ्या बायकोला काय झालंय रे?" तिने लेकाला गाठलं.

"कुठे काय? भांडत नाही, तर तेही खुपतंय का तुला?"

"माणसं मेलेल्याशी भांडत नाहीत, नाहीतर मरणाऱ्याशी. मेले तर मी नाही. बोल आता."

लेकाच्या पोटात काही राहत नसे, अगदी पाळण्यात होता तेव्हापासून. त्याने भडाभडा सांगून टाकलं.

सून इस्पितळात कॉम्प्युटरवर काम करायची. मेंदूच्या फोटोत कुठे इजा किंवा गाठ दिसली की तिथे आपोआप लाल गोल काढणारा प्रोग्रॅम ती आणि तिचे सहकारी बनवत होते. आजारी डोकी तो बरोबर ओळखायचा. निरोगी डोकं दिसलं की गप्प बसतो का, तेवढंच बघायचं राहिलं होतं. त्यासाठी धडधाकट माणसं हवी होती. "माझ्याइतकं ठणठणीत डोकं या घरात दुसरं आहे कुणाचं?" असं म्हणत मोठीआई स्वतःच मेंदूचे फोटो काढणाऱ्या मशीनच्या बोगद्यात जाऊन पडली होती.

आणि प्रोग्रॅमने तिच्याच डोक्यात लाल गोल काढला होता! फोटो वाचणाऱ्या डॉक्टरबाई उद्या रजेवरून येणार होत्या. तोवर आईला कळू द्यायचं नाही, असं नवराबायकोचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मोठीआई सुनेच्या आधी चपला घालून दारात उभी. "मला सगळं कळलंय. डॉक्टरबाई काय म्हणतात ते मीच ऐकते."

"सूनबाई, तुझा तो प्रोग्रॅम चुकतो का गं कधी?" वाटेत तिने विचारलं.

"फारसा नाही, आई."

"आणि चुकला तर?"

"वर्षभराचं काम पुन्हा उसवावं लागेल." सून वाटेतच थांबली. "चुकू दे, आई. चुकलेलाच असू दे."

मोठीआई तिचा हात धरून इस्पितळाकडे झपाझप चालू लागली.

डॉक्टरबाईंनी फोटो पडद्यावर मोठा केला, चष्मा कपाळावर सरकवला. पाण्यात खडा पडावा तसे फोटोभर पुसट तरंग होते.

"आजी, फोटो काढताना हललात का?"

"मी? छे! दगडासारखी पडले होते."

"जराही नाही?"

"सांगितलं ना एकदा. नुसती बोलत होते."

"बोलत होतात? कुणाशी?"

"त्या मशीनशी. मेलं केवढं ठकठक करतं! कुणीतरी त्याचे कान उपटायला नकोत?"

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "अहो, जबडा हलला की डोकंही हलतं, आणि फोटोत सावल्या उमटतात. प्रोग्रॅम सावलीलाच दुखणं समजलेला दिसतोय. पुन्हा काढून खात्री करू."

मोठीआई पुन्हा बोगद्यात शिरली. मशीन ठकठकलं, घरघरलं, वाकुल्या दाखवल्यासारखं किंचाळलं. एकेक सणसणीत उत्तर जिभेच्या टोकावर येऊन उभं राहत होतं, पण तिने दात आवळले ते आवळलेच. जन्मात कुणी तिला इतका वेळ गप्प बसवलं नव्हतं.

नवा फोटो लख्ख आला. लाल गोल कुठेच नव्हता. डॉक्टरबाईंनीही दोनदा निरखून मान डोलावली.

सून एका डोळ्याने हसत होती, दुसरा पुसत होती. मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाली, "त्याला शिकवताना आम्ही हललेले फोटो आधीच निवडून बाजूला काढत होतो! हलणारं डोकं त्याने कधी पाहिलंच नाही. आता सगळं नव्याने शिकवा त्याला."

"म्हणजे माझ्यामुळे तुझं काम वाढलं म्हण की!"

"तुमच्यामुळे नाही, तुमच्या तोंडामुळे! घटकाभर मिटलं असतं तर काय बिघडलं असतं, आई?"

डॉक्टरबाई चपापून दोघींकडे बघत राहिल्या. मोठीआईचा चेहरा मात्र खुलला.

"हं, आता कशी माझी सून बोलली! ऐक, सूनबाई. प्रोग्रॅम तुझा अजून कच्चा आहे, पण तू पक्की आहेस. स्वतःच्या कामावर पाणी पडावं म्हणून माझ्यासाठी देव पाण्यात घालून बसलीस. पण पुन्हा कधी माझ्या डोक्यात काही निघालं, तर असं गोड बोलून मला जिवंतपणी मारू नकोस. भांड माझ्याशी. मी जगेन."