जाड तारा

मुलीने दात-ओठ खात खुंटी पिळली आणि चौथी तार मोबाइलवरच्या हिरव्या रेषेवर आणून ठेवली. आज प्रथमच बाबांच्या वाद्याच्या चारही तारा रीतसर जुळल्या होत्या. एरवी बाबांची जुळणी म्हणजे सगळा घरचा कारभार. दुसऱ्या कुणी वाद्य हातात घेतलं, की त्याने डोकं धरून बसावं. आता त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून संध्याकाळी सभागृहात आईच्या गाण्याला साथ मुलीची.

"म्हण, आई."

पहिली ओळ बरी गेली. दुसरीत सूर वर चढला आणि आवाज फाटला. आईने पुन्हा म्हटली, पुन्हा तिथेच फाटला.

"संध्याकाळी तूच गा," ती म्हणाली. "माझं झालं आता."

ती पाणी प्यायला आत गेली. तहान कुणालाच लागली नव्हती.

बाबांनी खुर्ची जवळ ओढली.

"हा शहाणपणा कुणी सांगितला होता? दोन सूर खाली घे."

"दोन?"

"तिचा गळा दरवर्षी थोडा उतरतो, तशा मी तारा उतरवतो. तिला वाटतं, आवाज होता तसाच आहे. या कानाचं त्या कानाला कळू देऊ नकोस."

ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या बाबांनी एवढी गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली होती. मुलीला त्यांची फार माया आली. तिने तारा उतरवल्या. बाबा समाधानाने कपडे बदलायला गेले.

आई फडकं घेऊन बाहेर आली आणि नेहमीसारखी तारा पुसू लागली.

"उतरवल्यास ना?"

मुलीने मोबाइल पालथा ठेवला.

"सैल तार खडखडते, म्हणून ते दरवेळी जरा जाड तार चढवतात. रोज पुसते मी. बोटांना कळत नाही होय?"

"मग मघाशीच सांगायचंस की. गाणं सोडायला निघालीस."

"त्यांच्या देखत?" आई म्हणाली.

आतून बाबांची हाक आली. प्लास्टरचा हात बाहीत अडकला होता.

"आले, ओढू नका," म्हणत आई उठली. दाराशी ती थांबली, आत एकदा पाहिलं आणि मुलीला बोटाने खूण केली, अजून जरासं खाली.

मुलीने खुंटी सैल केली.