कॉलरचा माईक

व्याख्यान संपलं तेव्हा हेमांगी खुशीत होती. धुळ्याच्या ज्या कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकवायची, तिथे पहिल्यांदाच सभागृह भरलं होतं. आकाशगंगेच्या मध्याभोवती सूक्ष्मलहरींचं धुकं सापडलं, काही वर्षांनी त्याच भागात गॅमा किरणांचे दोन अवाढव्य फुगे दिसले, एक वर, एक खाली, एकेक पंचवीस हजार प्रकाशवर्षं उंच; हे सगळं तिने चित्रांसकट सांगितलं.

"कुणाला काही विचारायचं आहे?"

मागच्या रांगेतून एक माणूस उठला. सदऱ्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. तिचा मोठा भाऊ, अभिमन. भडगावहून विहिरीवरच्या मोटारीचा सुटा भाग न्यायला आला होता. पेपरात तिचं नाव वाचून इकडे वळला.

"मॅडम, आपण तं लांबथून दखतस. मंग ते फुगा मधलाच शेतस, आपला जवळना नही, हाई कसं समजनं?"

इतक्या लांबून बघून फुगे जवळचे नाहीत, मधलेच आहेत, हे कसं कळलं, एवढाच प्रश्न; पण अहिराणी ऐकून पोरं फिदीफिदी हसली. शेजारच्या प्राचार्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या ओळखीचे आहेत का?"

"नाही," ती पुटपुटली.

कॉलरचा माईक चालूच होता. तो 'नाही' भिंतीपर्यंत घुमला.

"पुढचा प्रश्न," ती घाईने म्हणाली. अभिमन खाली बसला. निघून गेला असता तर बरं झालं असतं, पण तो शेवटपर्यंत बसला आणि आभारप्रदर्शनानंतर त्याने सगळ्यांबरोबर टाळ्याही वाजवल्या. दहावीपर्यंतचं तिचं गणित त्यानेच करून घेतलं होतं.

सत्काराची शाल टेबलावरच ठेवून ती रिक्षाने एसटी स्टँडवर गेली. तो भडगावच्या फलाटावर, पायाशी गोणी ठेवून उभा होता.

"भाऊ, मी चुकनी."

"मी मॅडम म्हनं ना? तुले अडचण नको म्हनीसन." तो गाडीच्या वाटेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मना सवाल चुकना का?"

"नाही रे. तोच खरा प्रश्न होता. अंतर थेट मोजता येत नाही. दोन्ही फुगे बरोबर मध्याच्या वर-खाली, जवळजवळ सारखे आहेत, म्हणून ते तिथलेच मानतात. पण त्यांच्या आसपास दिसणाऱ्या किरणांच्या एका कमानीवरून अजून वाद आहे. जवळची की मधली, नक्की ठरलेलं नाही."

"मंग हाई तठेच सांगतीस."

त्याचा आवाज चढला नव्हता. तिला मान वर करवेना. गाडी लागली. त्याने गोणी उचलली, पायरीवरून वळून म्हणाला, "आईले काही सांगू नको. तिले वाईट वाटी."

सोमवारी वर्गात हेमांगीने पुस्तक उघडलंच नाही.

"त्या दिवशी फुग्यांच्या अंतराबद्दल ज्यांनी विचारलं, ते माझे सख्खे मोठे भाऊ."

पहिल्या बाकावरच्या कोकिळाने विचारलं, "मग तुम्ही 'नाही' का म्हणालात, मॅडम?"

"लाज वाटली."

"कशाची?"

हेमांगीचे कान तापले. खोटं सांगायला दोन-तीन कारणं तयार होती.

"त्यांच्या कपड्यांची," ती म्हणाली. "आणि आमच्या घरच्या बोलीची."

या वेळी कुणी हसलं नाही. तिने खडू घेतला आणि ती अभिमनचा प्रश्न, त्याने विचारला तसाच, अहिराणीत फळ्यावर लिहायला लागली.