खडकावरचं दीपगृह

ऑक्टोबरात विनायकचा करार संपला, पण जहाजावरून उतरायला त्याला जमीनच मिळेना. कोळशाने भरलेलं ते जहाज चीनच्या खडकाळ किनाऱ्यापासून चार मैलांवर ऑगस्टपासून नांगर टाकून उभं होतं. माल उतरवायची पाळी येत नव्हती, आणि कोरोनाच्या नियमांमुळे कुणालाही किनाऱ्यावर पाय ठेवता येत नव्हता.

इकडे नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नला त्याची बायको सुमेधा एकटी. हूफडॉर्पचं ऑफिस बंद, लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर. सायकलवरून अल्बर्ट हाइनच्या दुकानात वाणसामान आणायला गेली की माणसं दिसायची, तीही दीड मीटर लांबून. मीटिंग नसली तर दिवसभर तोंडातून शब्द फुटायचा नाही.

विनायकचा फोन दुपारी बाराला यायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळचे सात वाजलेले असायचे. डिसेंबरात त्याचा आवाज खचत चालला.

"आज काय केलंस?"

"काही नाही. पहारा संपला, केबिनमध्ये पडलोय."

"बाहेर गेलाच नाहीस?"

"बाहेर काय आहे, सुमेधा? काळे कडे आणि एक दीपगृह."

तिने तेच धरलं. "मी त्या किनाऱ्यावरच्या दीपगृहांचा नकाशा करतेय," ती म्हणाली. ही शुद्ध थाप होती. "तुझं दीपगृह कितीदा लुकलुकतं ते रोज मोजून सांग."

"जहाजावरच्या तक्त्यात छापलेलं असतं ते."

"तक्ता नको, तू बघून सांग."

तो कुरकुरला, पण गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. मग सुमेधाला खरंच नकाशा करावा लागला. भिंतीवर मोठा कागद चिकटवून ती त्यावर कडे, बेटं, दिवे मांडत बसायची. विनायक आता आपणहून सांगू लागला होता. दीपगृहाच्या खडकावर एक म्हातारा राहतो, दुपारी दुर्बिणीतून दिसतो. दोरीवर कपडे वाळत घालतो. वाऱ्याने एकदा सदरा उडाला तेव्हा कड्यापर्यंत धावला.

"त्याच्याकडे कुणी येतं का रे?"

"अजून तरी कुणी दिसलं नाही."

फेब्रुवारीत फोन थांबला. एक दिवस, दोन, चार. जहाज कंपनीच्या मुंबई ऑफिसातून उत्तर आलं, सगळे ठीक आहेत. सुमेधा फोन हातात घेऊन खिडकीत उभी राहिली. खिडकीखालचा कालवा गोठला होता, त्यावर शेजारची मुलं स्केटिंग करत होती. त्यांच्या हसण्याचा तिला राग आला, आणि मग रागाचीच लाज वाटली.

पाचव्या दिवशी फोन आला.

"इथे दाट धुकं होतं," विनायक म्हणाला. "दिवा दिसणार नाही हे ठाऊक होतं, तरी सवयीने डेकवर गेलो. आमचा दत्ता, इंजिनरूममधला, कठड्यावर चढून उभा होता. एक पाय पलीकडे."

सुमेधाने टेबलाची कड धरली.

"ओढून घेतला त्याला. चार दिवस त्याच्यापाशीच बसून होतो. फोन करायला शब्दच नव्हते गं."

ती रडली, तोही रडला, आणि पलीकडून दत्ताच्या खोकल्याचा आवाज आला.

मार्चमध्ये जहाज जपानला नेऊन खलाशी बदलले. दत्ता रत्नागिरीला आपल्या घरी पोचला. विनायक स्खिपहोल विमानतळावरून थेट घरी आला आणि नियमाप्रमाणे दहा दिवसांसाठी वरच्या खोलीत बंद झाला. सुमेधा दाराबाहेर ताट ठेवायची आणि जिन्याच्या पायरीवर बसायची. हजारो मैलांवरून ज्याच्याशी इतकं बोलली, तो आता एका दाराआड होता, आणि बोलायला काही सुचत नव्हतं.

आठव्या दिवशी आतला चमच्याचा आवाज थांबला. "सुमेधा, तू रोज तिथेच बसतेस ना?"

"हो."

"मग बोलत का नाहीस?"

"वरण खारट झालंय का?" तिने विचारलं.

"थोडंसं," तो म्हणाला. चमच्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आणि ती भिंतीला डोकं टेकून तो ऐकत राहिली.